युकुलेले आईंच्या पट्टीत

हॅलो?... हॅलो रिया, कुठे पोचलात?... अजून तलासरीच? मघाशीपण तलासरीच होतं... बरं. जतीनरावांना सांग, ट्रकवाल्याशी भांडू नका, त्याने हायवे मोकळा होत नाही.

हो, हो... अगं ऐक ना. इकडे मसोलीत हळद कालवून तयार, तुझा धाकटा भाऊ मनिष पाटावर बसलाय, आणि आई म्हणतायत, रिया युकुलेले वाजवेल तेव्हाच मी गाईन... हो, तेच, तुम्ही मायलेकी स्वयंपाकघरात म्हणता ते... सांगितलं मी, तिला उशीर होतोय. तर म्हणतात, मग राहू दे. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत गाणार होत्या गं... म्हणून मीच वाजवणार आहे.

हसू नको. वहिनीला एक कॉर्ड येते, एका बोटाची. तूच शिकवलीस... पण तू इथे ठेवलेलं हे गिटारचं पिल्लू पार बेसूर झालंय. मनिषने फोटोसाठी हातात घेतलं आणि चारही खुंट्या पिळल्या... आल्यावर मार त्याला. आधी सांग, लावू कसं?

ॲप? माझ्या फोनमध्ये जागाच नाही, सगळे मेहंदीचे फोटो... थांब, हरिश्चंद्रकाका भजनाची पेटी घेऊन आलेत. स्पीकरवर टाकते... हां. हनुवटीकडची तार जी... काका म्हणतात, जी-बी नको, पट्टी बोला... पांढरी पाच. काका, पांढरी पाच द्या.

अजून घट्ट? अगं, तुटेल... कुईकुई करतेय... हां, जुळली. रूपी बाळा, टाळ्या नंतर गं... पुढची पांढरी एक... मग तीन... शेवटची सहा. झालं? ऐक हं... बरोबर? बघ, आहे की नाही वहिनी.

आई, म्हणा ना... सुरू केलं त्यांनी... रिया, नाही गं. चढत नाहीये त्यांना. आवाज चिरकला... आई उठल्या बघ. आत चालल्या... मग तुझ्याबरोबर कशा गातात?... काय? तू सगळ्या तारा उतरवून ठेवतेस? हे आधी सांगायचंस ना, बये... चारही सारख्याच? काळ्या-पांढऱ्या धरून दोन-दोन खाली... कळलं, त्यांच्या मापाने सैल करायचं, ब्लाऊजसारखं.

आई, थांबा. तुमचं काही चुकलं नाही, मीच उंच लावलं होतं. बसा ना, माझ्यासाठी... काका, पांढरी चार. काळी पाच... पांढरी दोन... आता पांढरी पाच... रिया, तू बोलू नको. श्श.

...

ऐकलंस?... रिया? रडतेस काय वेडे. मी पण तेच करतेय, मधे बोट सुटलं माझं... हळद लागली गं, मनिषलाही रडू आलं, पिवळा ओघळ गळ्यापर्यंत गेलाय.

एवढे हॉर्न कसले?... रस्ता मोकळा झालाय? मग निघा की... जतीनरावांनी गाणं संपेपर्यंत गाडी थांबवली? आणि तो ट्रकवाला?... खिडकीशी उभा राहून ऐकतोय?

थांब, आई काही म्हणतायत... म्हणतात, एकच कडवं झालंय, दुसरं रिया आल्यावर. आणि तोवर खुंट्यांना कोणी हात लावायचा नाही, नवरदेवाने तर नाहीच... हो, मांडीवरच घेऊन बसलेय मी. त्या ट्रकवाल्यालाही घेऊन ये हवं तर... ये गं. ठेवते.