सहाशे सतरा, दोनदा

तुम्ही हुशारीच्या गप्पा मारताय म्हणून आमच्या तात्यांचं सांगतो. सत्तरच्या आसपास मी वेल्ह्याला एका कचेरीत कारकून होतो. एकदा टपालावर नंबर मारताना ६१७चा शिक्का मी शेजारी शेजारी दोनदा उमटवला आणि झाला ६१७६१७. माझ्या नोकरीतली ही सर्वांत मोठी कामगिरी.

साहेब गणिताचे पदवीधर. ते मला झापत होते तेवढ्यात शिपाई तात्या रजा मागायला आले. भोंगवलीला त्यांची लेक बाळंत झाली होती आणि कापूरहोळची एसटी सुटायला आली होती.

साहेबांनी तेच पाकीट पुढे केलं. "दोनाने, तिनाने, पाचाने हा आकडा जात नाही. कशाने जातो ते सांगा आणि खुशाल निघा."

तात्यांनी एकदाच पाहिलं. "सातानं जातोय. अकरानं बी जातोय, तेरानं बी."

साहेबांनी कागद ओढला. साताने भागलं, आलेल्याला अकराने, त्याला तेराने. खाली राहिले नेमके ६१७.

"तात्या, हे कसं?"

"तेरा साते एक्याण्णव, त्याची अकरापट हजार एक. आन् तीन आकडी नंबर दोनदा लिवला की त्यो हजार एक पट हुतोच की!"

साहेबांनी उभ्याउभ्या रजेवर सही केली. म्हणाले, "चार वर्षं गणित शिकलो, पण मला हे सुचलं नाही."

तात्या टोपी घालत म्हणाले, "तुमास्नी नुसती परीक्षा व्हती, साहेब. मला येष्टी गाठायची हाय."