बाबांच्या गाडीला नवा कॅम

हॅलो?… हो, मीच, ताई. आईचा फोन माझ्याकडे आहे, ती आत पडलीय. बोल.

कसला कॅम?… इंजिनातला?… बाबांच्या गाडीला?… थांब, थांब. बाबांना जाऊन दोन महिने नाही झाले, आणि तू… बरं, सांग. कोण म्हणालं?… मित्र. तोच ना, ज्यानं मोटरसायकलचा सायलेन्सर कापून अख्ख्या गल्लीचे शिव्याशाप घेतले?… मग विचारायलाच नको.

हो, हो… अरे, ऐक ना. कळलं, तीन प्रकार मिळतात. साधा, मधला आणि रेसचा. आणि राजांनी रेसचा पसंत केला. का, ते तरी कळू दे… ‘आवाज भारी येतो.’ वा!… नाही, हसत नाहीये. हसण्यासारखं ठेवलंयस काय?

एक सांग. कार्बुरेटर कुठला आहे?… जुनाच. एक्झॉस्ट?… जुनाच. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा?… माहीत नाही. म्हणजे जुन्याच. अरे विद्वाना, व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ, एवढंच कॅम ठरवतो. बाकीचं इंजिन म्हातारं आहे, त्याला तेवढा श्वास कुठून आणणार?… वाढते ना ताकद, पण कधी? इंजिन किंचाळायला लागल्यावर. तू जातोस ऑफिसला. प्रत्येक सिग्नलला गाडी थंडी भरल्यासारखी कुडकुडेल आणि बंद पडेल. मग मागचे लोक तुझ्या आवाजाचं कौतुक करतील. त्यांच्या भाषेत.

…व्हिडिओत? व्हिडिओतली गाडी भाजी आणायला जात नाही रे.

…मला काय कळतं? बरोबर आहे. मी पुस्तकं वाचते. पण सुट्टीच्या दिवशी बाबांच्या हातात पाना द्यायला मीच असायचे. तू दुपारपर्यंत पांघरुणात.

…रडत नाहीये. सर्दी आहे.

हे बघ, बदलायचाच असेल तर सगळ्यात साधा घे. कमी वेगात जोर देणारा. बाबांनीही तोच घेतला असता, तोसुद्धा महिनाभर कुरकुर करून. आणि मी गॅरेजवर येईपर्यंत जुन्याला हात लावू नकोस…

काय?… कधी?… सकाळीच काढला. म्हणजे तू सल्ला नाही विचारत आहेस, बातमी देतोयस.

…नाही ओरडत. टॅपेट कुठे आहेत?… अरे, कॅमवर टेकतात ती छोटी नळकांडी!… हां, तीच. ट्रेमध्ये ठेवलीस ना ओळीनं? बाबांचा अंड्यांचा ट्रे, खळग्यांवर आकडे घातलेला? आई रिकामे ट्रे जपून ठेवायची, ते कशाला असं वाटलं तुला?… बादलीत. रॉकेलच्या बादलीत, सगळी एकत्र. धुवायला. शाबास!

…सारखीच दिसतात? आपण दोघंही सारखे दिसतो, म्हणून माझा चष्मा तुला लागेल का? प्रत्येक टॅपेट कॅमच्या आपापल्या उंचवट्याशी घासून घासून जुळलेला असतो. इतकी वर्षं. अदलाबदल झाली की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. आता कुठला कुठे होता, कोण सांगणार? मित्र?… म्हणजे जुना कॅम आता परत बसत नाही. तो आवाज गेला.

…कुठला आवाज म्हणजे?

आई संध्याकाळी काय करते, पाहिलंयस कधी?… नाहीच पाहणार. तू कोपऱ्यावर वळलास की गाडीचा आवाज येतो आणि ती उठून चहा टाकते. दोन कप. मग तू दारात दिसतोस आणि ती म्हणते, ‘अरे, तू होय.’… रोज. रोज म्हणते. तुला वाटलं, ती विसरभोळी झालीय.

…तुलाही सर्दी झाली वाटतं.

…हं. आधी नाक पूस… नाही, तिला नाही सांगत मी. साधा कॅम घे, आवाज निदान जवळपास तसा येईल, आणि त्याच्याबरोबर टॅपेटही नवे घे. आणि त्या मित्राला पान्यापासून लांब ठेव. उद्या येते मी.

…काही नाही गं, आई! धाकटा आहे. गाडीचं काहीतरी… हो, हो, आज बसनं येईल… अगं, झोप तू.

हां, बोल… ते राहू दे. एक कर. गाडी जोडून घरी आणशील ना, तेव्हा कोपऱ्यावरच हॉर्न दे… दे म्हटलं ना!… का म्हणजे?

तिनं गॅस लावायच्या आधी तिला कळू दे, तू आहेस ते.

ठेवते.