राहिलेली बाही

ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या समोरच्या बाकावर दोघी जावा सकाळपासून बसल्या होत्या. सासूबाई आत होत्या. धाकटी पोटुशी होती आणि मान खाली घालून विणत होती.

"हे आईंचं विणकाम ना गं?"

"हो ताई. बाळाचा स्वेटर. एकच बाही राहिलीय."

"मग तू कशाला विणतेस?"

"आत नेताना पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, सांभाळ. म्हटलं, पूर्णच करून टाकावा."

"सांभाळ म्हणाल्या. पूर्ण कर नाही म्हणाल्या."

"डॉक्टरांनी तीन तास सांगितले होते, ताई. पाच होऊन गेले."

"मलाही घड्याळ दिसतंय."

"हात रिकामे राहिले की नको नको ते मनात येतं हो."

"या मेरिनो लोकरीसाठी त्यांनी तीन दुकानं पालथी घातली. मी होते बरोबर. दुकानदार ॲक्रिलिक गळ्यात मारायला बघत होता, तर त्याला म्हणाल्या, बाळाला टोचलं तर गप्प करायला तुम्ही येणार का?"

"असं म्हणाल्या?"

"भर दुकानात. रडू नकोस. उसव ती बाही."

"सगळी?"

"तू विणलीस तेवढी. त्यांचं काम त्यांच्यासाठी राहू दे."

"त्यांना कळेल. उसवलेली लोकर कुरळी होते."

"कळू दे की. उठून बसतील आणि दोघींना चांगलं फैलावर घेतील."

धाकटीने विणणं थांबवलं.

"मी सुई काढते, ताई. तुम्ही गुंडा धरा."