बायकोच्या पायाचा नंबर

चपलेच्या दुकानदारानं भाविकांचे पाय चोळायला बसूच नये, हे माझं ऐका.

धाराशिवात माझं दुकान. कोजागिरीला लोक सोलापूरहून तुळजापूरला अनवाणी चालत जातात. त्यांच्यासाठी त्या रस्त्याकडंला मांडव टाकून आम्ही गरम तेलानं पाय चोळून द्यायचो. एका वर्षी बायकोनं आधीच दम भरला, "आईचं काम हाय. तिथं धंद्याचा एक शब्द काढायचा न्हाय."

म्या म्हणलं, "व्हय."

पहिल्याच आजीचा पाय हातात घेतला अन् तोंडातनं निघून गेलं, "सात नंबर. पंजा रुंद हाय, आजी. अंगठ्याची चप्पल घालू नका, बोटं दुखतील."

बायकोनं तेलाची वाटी आपटली. आजी मात्र खूश. "बरोबर वळखलास बघ, लेका!" म्हणत तिनं मागच्या सगळ्या बायांना हाक मारली. झालं! मांडवापुढं रांग लागली. पाय चोळून घ्यायची कुणाला घाई नव्हती, सगळ्यांना आपला नंबर पाहिजे होता.

संध्याकाळी मांडव मोकळा झाला. दिवसभर चहा वाटून दमलेली बायको समोर बसली अन् तिनं पाय पुढं केला.

"चोळा. अन् नंबर सांगितला तर बघा!"

म्या निमूट तेल लावलं. टाच चोळली, बोटं चोळली. पण ऱ्हावलं न्हाय.

"सांगत न्हाय. पण लग्नात पाच होता."

तवापासनं मांडवात आम्ही फक्त केळी वाटतो.