पहिलं पाणी

हिंमत असेल तर आमच्या सासूबाईंसमोर चहा फेकून दाखवा!

माझ्या नवऱ्याला जुन्या चिनी काळ्या चहाचा भारी नाद. वर्षानुवर्षं मुरवलेल्या त्या चहाच्या गोल वड्या तो कपाटात सोन्यासारख्या जपतो. परवा कोलकात्याहून त्याचे एक दोस्त आले, चहाचे पक्के जाणकार. मग काय, नवरा छाती फुगवून तीन वड्यांचे तीन चहा करून राहिला होता. या चहाची पानं आधी धुतात, म्हणजे पहिलं गरम पाणी चक्क ओतून टाकतात.

"काहून फेकून राहिला रे?" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडल्या.

"आई, रीतच आहे तशी."

"असंल तिकडची. माझ्या घरात चहा मोरीत जात नाही." आणि तिन्ही वेळा त्यांनी पातेलं पुढे धरलं.

पाहुणे एकेक चहा तोंडात घोळवून प्यायले. पहिल्याला मातीचा वास, दुसरा फिका, तिसरा ठीक ठीक. नवऱ्याचा चेहरा उतरत चालला. तेवढ्यात सासूबाईंनी ते पातेल्यातलं पाणी गॅसवर चांगलं आटवून चौथा कप आणून ठेवला. पाहुण्यांनी घोट घेतला अन् डोळेच मिटले.

"वाह माताजी! असली पुरानी चाय तो ये है. कहाँ से मँगवाई?"

सासूबाईंनी पदर खोचला, मान ताठ केली.

"मँगवाई नहीं भैया, नाली में जा रही थी. हमने रोक ली."