मंदाताई आणि अमावस्येचा डिस्चार्ज

मंडळी, नमस्कार. हातातली कामं टाकून तुम्ही मंदाताईंच्या शोकसभेला, हॉस्पिटलच्या आवारातल्या या मांडवात आलात. कुणी शिरूरचे, कुणी दौंडकडून आलेत. सणसवाडीची पोरं तर कंपनीतून परस्पर आलीत, अंगावर युनिफॉर्म तसाच आहे. मला बोलायला उभं केलंय, पण बोलणं होईल असं वाटत नाही. एक तर ताईंच्या फोटोकडं बघवत नाही. आणि दुसरं, माझा एक कान कॅज्युअल्टीकडं आहे. तिथं खुटबावच्या एक आजी सकाळपासून ट्रॉलीवर आहेत. दम लागलाय. ऑक्सिजन चालू आहे, डॉक्टर शेजारी आहेत. पण वॉर्डात न्यायला एकही खाट रिकामी नाही. दुसरीकडं विचारून झालं, तिथंही नाही. म्हणून मधेच मी अडखळले तर सांभाळून घ्या.

मी वैशाली. ताईंच्या हाताखाली वॉर्डात नर्स म्हणून तयार झाले. मंदाताई आपल्या या हॉस्पिटलच्या मेट्रन. गेल्या आठवड्यात हार्ट अटॅकनं गेल्या. घरीच, ड्यूटीवर निघायच्या तयारीत होत्या. आणि मला सांगण्यात आलं, आता वॉर्ड तुम्ही बघा. बघा म्हणजे काय बघा? ताई काय करायच्या ते रोज बघतच होते की मी. ते मला जमेल का, हे मला खरंच माहीत नाही.

ताई तोंडानं फटकळ. यात लपवायचं काय? तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांची बोलणी खाल्लीत. पेशंट खाटेवर टेकतोय न टेकतोय तोच विचारायच्या, "घरी न्यायला कोण येणार? गाडी कुणाची?" माणसं चिडायची. एकदा बायकोला ॲडमिट केलेले एक मामा माझ्याकडं तणतणत आले. "अवो सिस्टर, आत्ता तर सलाईन लावलं, आन् ह्या बाई न्यायचं काय इचारत्यात? आमी जड झालो व्हय?"

ताईंनी ऐकलं. म्हणाल्या, "मामा, बरं करून न्यायचंच हाय, म्हणून इचारती. न्यायचं नसतं तर कशाला इचारलं असतं?"

मामा तसेच घुश्शात उभे. पण खाटेवर त्यांच्या मंडळी होत्या ना, त्या हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. आपण इथनं घरी जाणार आहोत, असं त्यांना तोवर कुणी म्हटलंच नव्हतं.

सणसवाडीच्या पोरांना वेगळा प्रश्न. "रूम की चाबी किसके पास है?" कारण डिस्चार्ज मिळायचा आणि रूमवरचा जोडीदार सेकंड शिफ्टला. दाराला कुलूप. बरा झालेला पोरगा खाटेवर बसून, आणि खाली कुणीतरी खाटेची वाट बघत. हसू नका रे, तुमच्यातलेच आहेत ते.

मी एकदा विचारलं होतं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत? घरी पाठवलं आणि तिकडं काही झालं तर?"

"वाटती की," म्हणाल्या. "म्हणून तर संध्याकाळी फोन करते. डॉक्टरांनी जा म्हटल्याबिगर मी कुणाला उठवलंय का? पण जा म्हटल्यावर ठेवून घेणार नाही. इथं पडून राहिला की शेजारच्याचा ताप घेऊन जाईल."

आणि अमावस्या. अमावस्येला पेशंट घरी न्यायचा नाही, हे आपल्याकडं पक्कं. माझ्या माहेरीही तेच. ताई स्वतः उपासतापास करायच्या, देवाचं सगळं करायच्या. पण एका आबांशी त्या भर वॉर्डात भांडल्या. आबा म्हणाले, "उद्या नेतो सुनंला. आज अवस हाय."

"आबा, अवसंला म्हैस व्याली, तर दूध काढता का न्हाई?"

"तवा काढावंच लागतं की."

"मग सुनंलाबी न्या. पोरं वाट बघत आसत्याल."

आबा पुटपुटत गेले, पण सुनेला घेऊनच गेले.

मंडळी, आज अमावस्या आहे.

सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी काही पेशंटना घरी जायला सांगितलं. कागद तयार आहेत. गोळ्या समजावून झाल्यात. आणि प्रत्येकाच्या घरचे मला म्हणाले, सिस्टर, आज नको, उद्या नेतो. मी समजावलं. परत परत समजावलं. मला ताईंसारखं भांडता येत नाही, आवाजच चढत नाही माझा.

त्या घरची माणसं आत्ता इथं, या मांडवात बसलीत. मी नावं घेणार नाही. ताईंची शपथ घालणार नाही. तुमच्या मनात भीती आहे, ती खोटी आहे असंही म्हणणार नाही. माझ्याही मनात आहे. पण आजींचा मुलगा तिकडं गेटपाशी उभा आहे. त्याला ही सभा कुणाची, हेही ठाऊक नाही. तो फक्त माझ्याकडं बघतोय. त्याला जाऊन मी काय सांगू? सांगा ना, काय सांगू?

ताईंची मला भीती वाटायची. आज तुमची वाटतीये. मी बोलेन आणि तुम्ही बसूनच राहाल, याची.

आपण ताईंसाठी थोडा वेळ शांत उभं राहणार आहोत. पण ज्यांच्या माणसाला आज घरी सोडलंय, त्यांनी त्यासाठी थांबू नका. आत्ता उठा. वर जा. आपलं माणूस घरी घेऊन जा. संध्याकाळी मी फोन करीन. प्रत्येकाला करीन.

...आप्पा? तुम्ही उठलात? सावकाश. घाई नाही. काठी घ्या. आमची सिस्टर येतीये बरोबर. तुमच्या गाडीवाल्याला कुणीतरी बोलवा रे.

थांबा, मला एक मिनिट द्या.

हं. खाट पुसून, चादर बदलून व्हायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ आपण उभं राहू. फक्त एक सांगते. कॅज्युअल्टीतनं वॉर्डाकडं जायला दुसरा रस्ता नाही, ट्रॉली इथनंच जाईल, या खुर्च्यांमधनं. चाकांचा आवाज होईल. शांतता मोडली असं कुणी मनात आणू नका. डोळे उघडा, खुर्च्या बाजूला घ्या आणि आजींना वाट द्या.

उभं राहू या.