खोटी हवा

चहा घे आधी. वायर राहू दे — राहू दे म्हणते ना, जयेश. नेणारच आहेस तू कॉम्प्युटर, नाही कोण म्हणतंय? थिसिस तुझा अडलाय, तुझ्या हेरंब सरांचा तो गणितातला न्यूट्रॉन तारा या डब्यात फिरतोय — बिल्कुल ने. पण दिवाळीपासून बंद नाही केला तो, आता एकदम बंद केला तर— काय? आवाज? मशीनचाच रे. स्वयंपाकघरापर्यंत येतो. वाटतं, हे आत बसलेत कामाला, आत्ता हाक मारतील, हेमलता, पाणी दे गं. करोल बागेतल्या या घरात दुसरं आहे कोण मला हाक मारायला?

थांब, स्क्रीन नको लावू. — लावलीस. अच्छा. दिसलं ना? हो, पुन्हा पहिल्यापासून चाललंय. तारा कधीचाच कोसळला. तू फोन करायचास, मी म्हणायचे, अजून चालू आहे — खोटं कुठे होतं ते? कोसळला की मीच परत सुरू करते. यांनीच शिकवून ठेवलं होतं, लाइट गेले तर असू दे म्हणून. आणि चुकलंय काय, तेही ठाऊक आहे मला. मी इतिहास शिकवला जन्मभर, पण जेवताना यांच्याकडे दुसरा विषय होता का? ताऱ्याभोवतीची पोकळी अगदी रिकामी ठेवली तर म्हणे गणितच मोडतं, म्हणून तिथे थोडी खोटी हवा भरायची. यांनी घाईत ती जरा दाट भरली. मग ती ताऱ्यावर पडत राहते, तारा जड होतो, आणि बसतो खाली. हॉस्पिटलला निघताना, चपला घालता घालता म्हणाले, "हवा पातळ करायला हवी, आल्यावर करतो."

आले नाहीत. तुला एक आकडाच बदलायचाय, कळतंय मला. पण यांच्या हातचा शेवटचा आकडा आहे तो. माझ्याच्यानं नाही बदलवला. कोसळू दे, पण यांच्याच आकड्यानं कोसळू दे — काकूला वेड लागलंय, म्हण हवं तर.

नको, सॉरी नको म्हणूस. फेलोशिप संपत आलीये तुझी, गावाकडे आई डोळे लावून बसलीये, मला का दिसत नाही? ऐक. मी भाजी आणायला खाली जाते. मी येईपर्यंत बंद कर आणि ने. तो आवाज थांबताना ऐकवणार नाही मला. आणि जाताना खोलीतला वरचा पंखा लावून ठेव — थंडी आहे, माहितीये. फुल लाव. दार ओढून घे. चल, जा.